आधी दरजेला नख लावून पाहा

मागच्या अंकात मी पूर्व इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका विटांच्या फार्महाउसबद्दल लिहिलं होतं. तिथली दक्षिणेकडची भिंत दुरुस्त करायला आम्हाला दोन उन्हाळे लागले. त्यावर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांची इतकी पत्रं आली की या महिन्याचा सगळा स्तंभ त्यांच्यासाठीच ठेवला आहे. आधी वाचकाचं पत्र, त्याखाली माझं उत्तर. फार्महाउस म्हणजे इथे सुट्टीतला बंगला नव्हे. ज्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या शेती चालली, ते शेतकऱ्याचं राहतं घर. बावीस वर्षं मी अशाच घरांच्या दुरुस्तीची कामं पाहते आहे.

ताई, आम्ही सफोकमध्ये जुनं घर घेतलं. एजंटच्या कागदावर ‘ट्यूडर’ असं लिहिलं होतं. शेजारचे आजोबा म्हणतात, १७८० च्या आसपासचं आहे. समोरची भिंत सरळ, खिडक्या रेखीव; आत मात्र जमीन उतरती आणि तुळया वाकड्या. कुणाचं खरं मानायचं?

दोघांचंही खरं असेल. ‘ट्यूडर’ म्हणजे साधारण सोळाव्या शतकातलं. पूर्व इंग्लंडमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकात ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा राहिला, मधल्या जागा कुडाने भरल्या गेल्या. पुढे अठराव्या शतकात घरात पैसा आला, लाकडी घर जुनाट वाटू लागलं, आणि मालकाने दर्शनी बाजूला विटांची नवी भिंत चढवली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला एक घर दिसतं, आत राहणाऱ्याला दुसरं.

खिडकीच्या कडेला उभं राहून भिंतीची जाडी मोजा. जुनी भरीव भिंत साधारण ९ इंच असते, म्हणजे एक वीट; किंवा साडेतेरा इंच, म्हणजे दीड वीट. यात न बसणारा आकडा आला आणि आतून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर विटांमागे लाकूड असण्याची शक्यता मोठी. मग माळ्यावर चढा. छप्पर खूप उभं असेल तर ते मुळात गवताने शाकारलेलं असू शकतं. वासे काजळीने काळे झालेले दिसले, तर तुमचं घर धुराड्याच्याही आधीचं आहे. तेव्हा खोलीच्या मधोमध उघड्यावर आग पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. अशा घरांमध्ये पहिली वीट आली ती बहुधा धुराड्यासाठी. भिंती लाकडाच्या आणि धुराडं तेवढं विटांचं, असा काळ बराच चालला.

आता विटा. एकच वीट मोजू नका, हाताने पाडलेल्या दोन विटा कधी सारख्या नसतात. दरजांसकट, म्हणजे विटांमधल्या मालाच्या सांध्यांसकट, चार थरांची उंची मोजा. सोळाव्या शतकातल्या भिंतीत ती १० इंचांच्या आसपास भरते, एकोणिसाव्या शतकातल्या भिंतीत १२ इंच किंवा त्याहून जास्त. लंडनमध्ये १५७१ साली विटेचं माप ९ इंच लांब, सव्वाचार इंच रुंद, सव्वादोन इंच जाड असं ठरवून दिलं होतं. खेड्यातला वीटवाला ते काटेकोर पाळत होता असं मुळीच नाही, पण जुनी वीट किती बारीक असायची याचा अंदाज त्यावरून येतो.

मग विटांची रचना पाहा. एका थरात सगळ्या विटांची लांब बाजू दिसते आणि त्यावरच्या थरात सगळ्यांची टोकं दिसतात, तर तो इंग्लिश बाँड. एकाच थरात एक लांब बाजू, एक टोक असं आलटूनपालटून असेल, तर फ्लेमिश बाँड. लंडनजवळच्या क्यू इथल्या १६३१ च्या घरात, ज्याला आता क्यू पॅलेस म्हणतात, हा दुसरा प्रकार दिसतो, आणि तो इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी मानला जातो. अठराव्या शतकात दर्शनी भिंतीसाठी सगळ्यांना तोच हवा असे. गंमत पाहायची तर घराच्या मागे जा. पुष्कळ घरांत समोर फ्लेमिश आणि मागे साधं इंग्लिश असतं. लोकांना दिसणार होतं तिथेच खर्च केलेला.

एवढं करूनही एकाच खुणेवर तारीख ठरवू नका. विटा महाग होत्या. पडक्या घराच्या विटा नव्या भिंतीत सर्रास जात. लाकडाचं वय काढायला वर्तुळं मोजण्याची शास्त्रीय पद्धत आहे, त्यासाठी तुळईतून पेन्सिलीएवढा नमुना काढतात. खरोखर जाणून घ्यायचंच असेल तर तो खर्च वाया जात नाही. मात्र घर वारसा यादीत असेल तर आधी स्थानिक नियोजन कार्यालयाला विचारा.

आमचं फार्महाउस लेस्टरशरमध्ये, गावापासून मैलभर दूर, एकटंच शेतात आहे. नाव ‘क्वेबेक’. गोठ्याच्या विटा प्रचंड मोठ्या आहेत, नेहमीच्या विटेच्या जवळपास दुप्पट. असं का?

तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. या घराचं नाव आणि त्याच्या विटा एकाच शतकाकडे बोट दाखवतात.

आधी नाव. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावची सामायिक शेतं कुंपणं घालून वाटली गेली. तोवर शेतकरी गावात राहायचा आणि त्याच्या पट्ट्या चारी दिशांना विखुरलेल्या असायच्या. वाटणीनंतर जमीन एका जागी आली, मग घरही तिकडे गेलं. मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये, शेताच्या मधोमध एकटी उभी असलेली, समोरून अगदी समतोल दिसणारी लाल विटांची घरं पुष्कळदा याच काळातली असतात. गावापासून लांबच्या शेतांना लांबच्या ठिकाणांची नावं द्यायची पद्धत होती. ब्रिटिशांनी कॅनडातलं क्वेबेक घेतलं १७५९ साली. तेव्हा हे नाव त्यानंतरचं असणार. ‘बंकर्स हिल’ आणि ‘वॉटर्लू’ या लढायांच्या नावांची शेतंही अशीच सापडतात.

आता विटा. अमेरिकेतल्या युद्धाने सरकारवर कर्ज झालं होतं. ते फेडायला १७८४ मध्ये विटांवर कर बसला: हजार विटांमागे २ शिलिंग ६ पेन्स. १७९४ मध्ये तो ४ शिलिंग झाला, १८०३ मध्ये ५. कर नगावर होता, आकारावर नव्हता. तेव्हा काही वीटवाल्यांनी वीटच मोठी केली. तुमच्याच भागात मेशमचा जोसेफ विल्क्स अशा दांडग्या विटा पाडत असे. तिथले लोक त्यांना अजूनही ‘विल्क्सचे गॉब’ म्हणतात. सरकारच्या हे ध्यानात आलंच. १८०३ मध्ये १० बाय ५ बाय ३ इंचांहून मोठ्या विटेला दुप्पट कर लागू झाला आणि ती वाट बंद झाली. कर रद्द झाला १८५० साली. तुमचा गोठा या विटांनीच मुळात बांधला असेल, तर तो १७८४ ते १८०३ च्या दरम्यानचा किंवा त्याच्या थोडा पुढचा म्हणायला हरकत नाही. कृपा करून त्यांच्यावर रंग लावू नका.

बर्कशरमध्ये भाड्याने घर घेतलं आहे. भिंतीवर लाल विटांमध्ये निळसर-काळ्या, काचेसारख्या चमकणाऱ्या विटा आहेत, सोंगट्यांच्या पटासारख्या. त्या मुद्दाम रंगवल्या आहेत का?

रंगवलेल्या नाहीत, आगीने झालेल्या आहेत. लाकडावर चालणाऱ्या भट्टीत जी विटांची टोकं आगीच्या अगदी तोंडाशी यायची, त्यांच्यावर लाकडाच्या राखेतला क्षार बसायचा. विटेतली वाळू आणि तो क्षार एकत्र वितळून पातळ काच तयार व्हायची. आपल्या भाषेत खंगर म्हणजे जास्त भाजून बिघडलेली वीट. इथल्या गवंड्यांनी मात्र ती वेगळी काढून ठेवली, फ्लेमिश बाँडमध्ये जिथे जिथे टोक येतं तिथे लावली, आणि पट तयार झाला. ट्यूडर काळात याच विटांनी भिंतीवर तिरप्या रेषांचे मोठे चौकट काढत. काही घरांच्या बाजूच्या भिंतीवर साल आणि मालकाची आद्याक्षरंही याच विटांनी लिहिलेली सापडतात. सूर्य कलतीला आला की त्या भिंतीसमोर उभं राहा. एकही निळी वीट दुसरीसारखी चमकत नाही.

आमचं नॉरफोकमधलं घर १७०० च्या सुमाराचं आहे. पाच वर्षांपूर्वी एका बांधकाम कंपनीने पश्चिमेची भिंत खरवडून नव्याने दरजा भरून दिल्या. काम सुबक दिसत होतं. आता विटांचे पापुद्रे सुटत आहेत, पण दरजा जशाच्या तशा उभ्या आहेत. खोलीत आतून ओल आणि पांढरा लोणाही आला आहे. दुसरा माणूस म्हणतो, भिंतीत भोकं पाडून रसायन घाला. काय करावं?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: दरजा जशाच्या तशा उभ्या आहेत. दुखणं तिथेच आहे.

बाहेर जा आणि दरजेला अंगठ्याचं नख लावून पाहा. मला हे एका म्हाताऱ्या गवंड्याने शिकवलं. माझं पहिलंच काम होतं, माझ्या हातात नकाशे होते, त्याने ते बाजूला ठेवायला लावले आणि माझा अंगठा धरून भिंतीवर टेकवला. नखाने जराशी भुकटी निघाली तर तो चुना. नख घसरलं आणि पृष्ठभाग करडा, काचेसारखा टणक लागला, तर ते सिमेंट. तुमच्या भिंतीत सिमेंट आहे याबद्दल मला शंका नाही.

तीनशे वर्षांपूर्वीची ही भिंत भरीव आहे, तिच्या आत पोकळी नाही. पश्चिमेचा पाऊस तिच्यात शिरतोच, आणि शिरावा हे धरूनच ती बांधली आहे. चुन्याचा माल विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. आत गेलेलं पाणी दरजेतून परत बाहेर पडतं आणि वाऱ्याने वाळतं. भिंत थोडी हलली, बसली, तर चुना थोडा सरकून घेतो आणि बारीक तडे काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो. क्षारांनी किंवा थंडीने काही झिजायचंच असेल तर ती दरज झिजते, वीट वाचते. शंभर वर्षांनी दरजा नव्याने भरायच्या, एवढाच हिशोब.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतलं. म्हणजे तुमच्या घराने पहिली सव्वाशे वर्षं तरी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. सिमेंटने दरजा बंद झाल्या की पाण्याला बाहेर पडायला एकच रस्ता उरतो, तो म्हणजे विटेचा चेहरा. तिथे क्षार साठतात, पाणी गोठतं, फुगतं, आणि विटेचा पापुद्रा सुटतो. हाताने पाडलेल्या विटेचं सगळं बळ तिच्या भाजलेल्या कातडीत असतं. ती गेली की आतला मऊ गाभा पावसात उघडा पडतो. म्हणूनच जुन्या भिंतीवर वाळूचा फवारा मारून ती ‘स्वच्छ’ करणं मला बघवत नाही. एका दुपारात तीनशे वर्षांची कातडी निघून जाते.

आता काय करायचं ते सांगते. रसायनाची भोकं अजिबात पाडू नका. आधी पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळ तुंबली आहे का, नळ फुटला आहे का, बाहेरची जमीन वर्षानुवर्षं खडी-माती टाकून आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का, ते पाहा. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा निदान ६ इंच खाली असावी. भिंतीच्या पायाशी सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर त्याची नोंद घ्या, आणि आत जिप्समचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग असेल तर त्याचीही. मी पाहिलेल्या ओल्या भिंतींपैकी बहुतेक यातल्याच एखाद्या कारणाने ओल्या होत्या.

सिमेंट काढताना घाई सगळ्यात महाग पडते. अँगल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीचं कापायचं यंत्र, दरजेत फिरवू देऊ नका, तो विटांच्या कडा खातो आणि त्या पुन्हा येत नाहीत. बारीक छिन्नीने, हाताने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत. जिथे सिमेंट विटेला घट्ट धरून बसलं आहे आणि काढताना वीट फुटते आहे, तिथे थांबा. तो भाग राहू द्या, काही हिवाळ्यांनी तो आपोआप सैल होईल. भरताना भिजवलेला चुना एक भाग आणि टोकदार कणांची स्वच्छ वाळू तीन भाग, हे साधं प्रमाण. पश्चिमेच्या उघड्या भिंतीला सौम्य प्रतीचा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, चुनाही चालतो. माल ठरवण्याआधी जुन्या दरजेचा एखादा टिकून राहिलेला तुकडा शोधा, धुराड्याजवळ किंवा वळचणीखाली तो हमखास सापडतो, आणि वाळूचा रंग व कण त्याच्याशी जुळवा. दरजा आधी पाणी मारून भिजवा. भरून झाल्यावर माल जरा घट्ट झाला की ताठ ब्रशने ठोका, म्हणजे कण उघडे पडतात आणि दरज श्वास घेते. मग ओल्या तरटाने झाकून ठेवा. ऊन आणि वारा दोन्ही नवीन चुन्याचे शत्रू आहेत. ५ अंशांखाली तापमान जात असेल तर हे काम करू नका; एप्रिल ते सप्टेंबर हा काळ धरा.

ज्या विटांचा चेहरा गेला आहे त्या सगळ्याच बदलायला लागत नाहीत. वीट सोडवून उलटी फिरवली तर मागचा चेहरा पुष्कळदा कोरा करकरीत निघतो. आमच्या सफोकच्या भिंतीत आम्ही अशा चाळीसेक विटा फिरवल्या. नवीन घ्यायचीच वेळ आली तर जुन्या विटांच्या वखारीत जपून. पूर्वी कमी भाजलेल्या विटा भिंतीच्या आतल्या अंगाला वापरत. घर पाडलं की त्या चांगल्या विटांत मिसळतात, आणि बाहेर लावल्या की पहिल्या दोन थंड्यांत विरघळतात. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज यायला हवा.

सल्ला हवा असेल तर विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली प्राचीन वास्तूंच्या जतनाची संस्था आजही घरमालकांना मार्गदर्शन करते. तिचा सूर पहिल्यापासून एकच राहिला: नवं करण्यापेक्षा आहे ते वेळेवर सांभाळा.

मी वास्तुकला शिकते. एसेक्समधल्या एका फार्महाउसचा नकाशा काढला. मुख्य दार उघडलं की समोर थेट धुराड्याची भिंत! बाजूला वळल्याशिवाय कुठल्याच खोलीत जाता येत नाही. हे नंतर बदललेलं असेल का?

नाही, हे मुळातलंच आहे, आणि मला विचाराल तर इंग्लिश शेतघराची सगळ्यात शहाणी मांडणी हीच. सतराव्या शतकात पूर्व आणि आग्नेय इंग्लंडमध्ये ती फार रुजली. घराच्या पोटात एक जाडजूड धुराडं, त्याला पाठीला पाठ लावून दोन चुली. एक ‘हॉल’मध्ये, जिथे स्वयंपाक आणि दिवसभराचा वावर, दुसरी ‘पार्लर’मध्ये, जिथे घरातल्या मोठ्यांची बसण्या-झोपण्याची जागा. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना त्याच धुराड्यातून आग मिळते. दार नेमकं धुराड्यासमोर. आत एक चिमुकली देवडी, डावीकडे एक खोली, उजवीकडे एक. जानेवारीत दार उघडलं तरी वारा धुराड्याच्या भिंतीवर आपटून तिथेच थांबतो. जिना बहुधा धुराड्याच्या मागच्या बाजूला वळून चढतो.

विटांच्या दृष्टीनेही पाहा. महाग माल सगळा एका जागी, आणि तापलेलं धुराडं घराच्या मध्यात असल्याने त्याची ऊब बाहेर वाया जात नाही. तिसरी खोली बिनचुलीची, शक्यतो उत्तरेला: दूध, लोणी, पिंपं ठेवायला. तिथली फरशी पाहिलीस का? पूर्वेकडे ‘पॅमेंट’ म्हणतात ती जाड मातीची चौकोनी लादी असेल, थेट जमिनीवर बसवलेली. लादी आणि तिच्या दरजा ओलावा हळूहळू सोडतात, खोली थंड राहते. त्यावर काँक्रीट ओतलं की तीच ओल भिंतींकडे वळते.

तुझ्या नकाशात चुलीवरच्या मोठ्या तुळईची जाडी लिहायची राहिली आहे. पुन्हा जाशील तेव्हा बॅटरी तिरपी धरून ती तुळई नीट बघ. कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं कोरलेली सापडू शकतात. घराला वाईटापासून राखायला अशा खुणा करत असत, असं अभ्यासक मानतात. धूर जातो तिथून काहीही आत येऊ शकतं, ही भीती त्यामागे असावी.

घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीवर, छपराच्या उताराला लागून, विटांचे तिरपे त्रिकोण आहेत. नुसती नक्षी की काही उपयोग?

उपयोग आधी, शोभा मागून. सरळ थर उताराला भिडतात तिथे प्रत्येक वीट तिरकी कापावी लागते. कापलेली वीट म्हणजे उघडा गाभा, आणि तो नेमका सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या जागी. म्हणून गवंडी कडेच्या विटा उताराला काटकोनात लावतो. त्या पाचरीच्या आकाराने सरळ थरांमध्ये घुसतात. कडेला विटेची मूळची भाजलेली बाजू येते. इंग्लिश गवंडी याला ‘टंबलिंग’ म्हणतात. समुद्रापलीकडच्या नेदरलँड्स आणि फ्लँडर्सकडून ही रीत आली आणि म्हणून ती नॉरफोक, सफोक, लिंकनशर आणि केंटच्या पूर्वेला जास्त दिसते. त्याच भिंतीवर लोखंडी पट्ट्यांचे आकडे असतील तर वाचून ठेवा. ती भिंत बांधून ठेवणाऱ्या गजांची टोकं असतात आणि बहुधा त्यातून साल लिहिलेलं असतं.

वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या विटांनी बुजवलेल्या आहेत. खिडकी-करामुळेच ना?

कदाचित. हा कर १६९६ ते १८५१ असा दीडशेहून जास्त वर्षं चालला आणि लोकांनी खिडक्या बुजवल्या हे खरं आहे. पण प्रत्येक बंद खिडकी त्याच्या नावावर लावू नका. कडेची दरज बघा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी सरळ रेघ असेल आणि आतल्या विटा वेगळ्या मापाच्या असतील, तर ती नंतर बुजवली आहे. आतलं वीटकाम बाजूच्या भिंतीत गुंफलेलं असेल, तर तिथे खिडकी कधी नव्हतीच. समोरची बाजू समतोल दिसावी म्हणून कोनाडा ठेवलेला असतो. आणखी एक बघा: दुधाच्या किंवा चीज ठेवायच्या खोलीला करातून सूट होती, पण खोलीवर तसं लिहावं लागे. दारावर किंवा खिडकीवर पुसट अक्षरं दिसली तर घासू नका.

आमचं घर वारसा यादीत, ग्रेड दोनमध्ये आहे. स्वयंपाकघर आणि जुनी दुधाची खोली यांच्यामधली भिंत पाडायची आहे. आतलं काम असल्यामुळे परवानगी लागणार नाही, असं ठेकेदार म्हणतो.

ठेकेदार चूक सांगतो आहे, आणि चूक झाली तर निस्तरावी तुम्हाला लागेल. यादीतलं घर म्हणजे बाहेरची भिंत नव्हे, सगळं घर: आतल्या भिंती, जिने, दारं, चूल. आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेले आणि घराशी निगडित गोठे, कुंपणाच्या भिंतीसुद्धा साधारणपणे त्यात येतात. घराच्या स्वरूपावर परिणाम होईल असं काम १९९० च्या कायद्याखाली परवानगीशिवाय करणं हा गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते, आणि त्याला कालमर्यादा नाही. अर्जाला शुल्क नाही. तेव्हा स्थानिक परिषदेच्या वारसा अधिकाऱ्याला आधी घरी बोलवा, चहा द्या आणि मोकळेपणाने विचारा. माझा अनुभव असा की ही माणसं नकार देण्यापेक्षा दुसरी वाट सुचवण्यात जास्त वेळ घालवतात. भिंत सगळी न पाडता एक दाराएवढी वाट मागा. आणि त्या आधी ती भिंत काय उचलून धरते आहे ते एखाद्या जुन्या घरांच्या जाणकार इंजिनिअरला दाखवा.

घरामागच्या शेतात एक खोलगट डबकं आहे. झाडं वाढली आहेत, मुलांची भीती वाटते. बुजवून टाकावं म्हणतो. पत्राबरोबर जागेचा नकाशा पाठवला आहे.

नकाशा पाहिला. डबकं घरापासून जेमतेम साठ पावलांवर, कडा एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला गाडी उतरेल असा उतार. आणि १८८० च्या दशकातल्या जुन्या नकाशात तुमच्या शेताला ‘ब्रिक किल्न फील्ड’, म्हणजे वीटभट्टीचं शेत, असं नाव दिलेलं तुम्हीच कळवलं आहे. मला वाटतं, तुमचं घर त्या खड्ड्यातून बाहेर आलं.

त्या काळी विटा लांबून आणणं परवडत नसे. शरद ऋतूत माती खणून ठेवायची, हिवाळाभर थंडीने तिची ढेकळं फुटू द्यायची, वसंतात पाणी घालून तुडवायची आणि साच्यात पाडायची. ओल्या विटा ओळीने रचून उन्हा-वाऱ्यात सुकवायच्या. त्या एकमेकींवर टेकल्याच्या तिरप्या खुणा काही विटांवर अजून दिसतात. मग शेतातच भट्टी लावायची. तुमच्या विटा फिकट पिवळ्या आहेत असं लिहिलं आहे, तेही जुळतं: मातीत चुना जास्त असला की वीट लाल न होता पांढुरकी-पिवळी होते, सफोकमधल्या वुलपिटच्या विटा त्यासाठीच नावाजलेल्या होत्या.

डबकं बुजवू नका. अशा जुन्या पाण्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट हे सरड्यासारखे दिसणारे उभयचर प्राणी असण्याची शक्यता असते आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तपासणीशिवाय तिथे हात घालणं तुमच्याच अंगाशी येईल. मुलांसाठी उभ्या कडेला लाकडी कुंपण घाला, उताराच्या बाजूला कुलूप लागणारं फाटक बसवा. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा त्या उभ्या कडेची मूठभर माती घ्या, वाळवा आणि तुमच्या चुलीत चांगली तापू द्या. रंग भिंतीशी ताडून पाहा आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.